अर्ध्या दुरुस्तीची पुरी किंमत

मृगाचा पाऊस दमणगंगेच्या खोऱ्यात उतरला, की नगर हवेलीतील शेतकऱ्याला पंचांग उघडावे लागत नाही. राबावर पेरलेले भाताचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले आणि खाचरात पाणी तुंबले, म्हणजे चिखलणी व्हावयास हवी आणि चिखलणीच्या पाठोपाठ आवणी. हा मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. रोप वयात येऊन ताठले, तर त्याला फुटवे कमी येतात आणि कणगीत पडणारे दाणेही त्याच मानाने घटतात. नेमक्या याच दिवसांत एखादा वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर खाचराच्या मधोमध उभा राहतो. इंजिन गर्जत असते, धुराड्यातून धूर निघत असतो, परंतु चाके मात्र जागची हलत नाहीत. आणि जळक्या अस्तराचा उग्र दर्प ओल्या हवेत पसरतो. “क्लच गेला” एवढे दोन शब्द चालक उच्चारतो. या दोन शब्दांमागे केवढा पसारा आहे, याचा विचार शहरात बसून शेतीच्या यांत्रिकीकरणावर बोलणारे क्वचितच करतात. तो आज आम्ही करावयाचे योजिले आहे.

सिल्वासाचे नाव निघाले म्हणजे गोमंतकीय मनाला एक वेगळी आठवण होते. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. आमच्या मुक्तीची पहाट त्यानंतर सात वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी उगवली. दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या प्रकल्पात गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्याबरोबर तत्कालीन गोवा, दमण व दीव हा प्रदेशही भागीदार होता. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला असून सिल्वासा हे आता त्यातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. राजकीय नकाशा असा बदलला. खाचरातला चिखल मात्र तोच राहिला. आणि तो चिखल आमच्या सत्तरीतील वा सांग्यातील चिखलाहून फारसा वेगळा नाही.

हा जिल्हा अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरांचा. २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासींची. त्यांत वारली, कोकणा आणि धोडिया या जमाती प्रमुख. पोर्तुगीज अमदानीतील ‘अल्वारा’ पद्धतीने मोठमोठ्या जमिनी थोड्यांच्या हाती गेल्या होत्या. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने ती पद्धत मोडली आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळाला. पण हक्काबरोबर आलेला तुकडा लहान होता. खानवेलच्या बाजूला तर जमीन डोंगरउताराची. खाचरे लहान, बांध पुष्कळ, पाऊस वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक. अशा ठिकाणी प्रत्येकाने ट्रॅक्टर बाळगणे अशक्यच. ज्याच्याकडे असतो तो आपले शेत करतो आणि मग तासाच्या भाड्याने शेजाऱ्यांची खाचरे चिखलून देतो. म्हणून एक ट्रॅक्टर उभा राहिला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. क्लच मालकाच्या ट्रॅक्टरमध्ये झिजतो, पण आवणी चुकते ती ज्याच्याकडे ना ट्रॅक्टर, ना आता बैलजोडी, अशा भाडेकरू शेतकऱ्याची. या प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

भारतीय बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये आयशरने बाहेर काढला. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रांच्या पुढाकाराने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली. मद्रासच्या कारखान्यातून मॅसी फर्ग्युसन आले, पुढे एच.एम.टी.चे झेटर जातीचे ट्रॅक्टर आले, १९७४ मध्ये स्वराज आला. या पिढ्यांतील यंत्रांची एक थोरवी मान्य केली पाहिजे: ती साधी आहेत, उघडता येतात आणि समजून घेता येतात. त्यांच्या पोटात संगणक नाही. कायद्यानेही शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे; पहिली नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होऊ शकते. तेव्हा जुना ट्रॅक्टर म्हणजे भंगार, ही समजूत अज्ञानाची आहे. सुस्थितीत ठेवलेले जुने यंत्र लहान शेतकऱ्याला परवडणारे एकमेव यंत्र असते. ते सुस्थितीत ठेवावयाचे कसे, हाच खरा प्रश्न.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील हे जड चाक फिरत असते. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी बसविलेली एक तबकडी असते. ती क्लच प्लेट. तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी, स्प्रिंगांच्या जोरावर काम करणारी ती प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा ही तिन्ही एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचते. पेडल दाबले, की एक दुबेळका काटा, ज्याला मिस्त्री ‘फोर्क’ म्हणतात, रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकते. बोटे प्लेटला मागे ओढतात आणि दुवा सुटतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. पेडल अर्धे दाबले तर चाके थांबतात, पण रोटाव्हेटर फिरविणारा पी.टी.ओ. चालू राहतो, पुरे दाबले तर तोही थांबतो. चिखलणीला ही सोय मोठी. परंतु या दुहेरी क्लचमध्ये दोन तबकड्यांचे, दोन दाबांचे आणि बोटांच्या उंचीचे गणित जमवावे लागते. ते चुकले, तर नवे सामानही जुन्यासारखेच वागते.

भातशेतीत क्लच लवकर का झिजतो, हे यावरून ध्यानी येईल. पंजाबच्या सपाट रानात ट्रॅक्टर सरळ तासात दूरवर धावतो. येथे लहान खाचरात चार-दोन वाव गेले, की बांध आला. वळा, थांबा, मागे घ्या. प्रत्येक वळणाला पेडल दाबले जाते आणि सोडले जाते. त्यातून चालकाला सवय असते पाय पेडलवर ठेवूनच गाडी हाकण्याची. पायाच्या त्या ओझरत्या भाराने बेअरिंग सतत बोटांवर घासत राहते आणि प्लेट किंचित निसटत राहते. निसटणे म्हणजे घासणे, घासणे म्हणजे तापणे, तापणे म्हणजे अस्तर जळणे. पेडलला जी मोकळी चाल असावयास हवी, ती सामान्यतः इंचभर आणि नेमकी किती ते त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते, ती अस्तर झिजेल तसतशी कमी होत जाते. मोकळी चाल उरलीच नाही, तर पाय काढल्यावरही क्लच पुरता बसत नाही. पावसाळा संपला म्हणजे हाच ट्रॅक्टर रेती-विटांची अतिभारित ट्रॉली घेऊन चढणीला लागतो. मग वर्षानुवर्षे टिकावयाची प्लेट दोन हंगामांत संपली, तर नवल ते काय?

येथवर झाली झीज. पण आमच्या मते नुकसानीचे खरे कारण झीज हे नव्हे. जेथे घर्षण आहे तेथे झीज येणारच. अस्तर झिजण्यासाठीच बसविलेले असते. खरे कारण आहे अर्धी दुरुस्ती. ट्रॅक्टर ऐन आवणीत बंद पडतो, मालक कासावीस झालेला असतो, भाड्याचे बोलावणे दहा घरांतून आलेले असते. मिस्त्रीला निरोप जातो: आजच्या आज चालू करून दे. मग ट्रॅक्टर मधोमध खोलून इंजिन आणि गिअरबॉक्स अलग करण्याचे अवजड काम कसेबसे केले जाते, नवी प्लेट टाकली जाते आणि ट्रॅक्टर पुन्हा जोडला जातो. चार दिवस सारे सुरळीत. पाचव्या आठवड्यात तेच दुखणे पुन्हा उद्भवते. दोष कोणाचा? प्लेट विकणाऱ्याचा, असे मालक म्हणतो. चालकाचा, असे मिस्त्री म्हणतो. बहुधा दोष असतो प्लेटच्या मागे राहून गेलेल्या, मूठभर आकाराच्या झिजलेल्या भागांचा, ज्यांच्याकडे घाईत कोणी पाहिलेच नाही.

ते भाग कोणते? पहिला, तो फोर्क. त्याची टोके वर्षानुवर्षे घासून सपाट झालेली असतात. एक बाजू अधिक, दुसरी कमी. त्यामुळे बेअरिंग तिरके ढकलले जाते आणि बोटांपैकी एकावर भार आधी येतो. दुसरा, फोर्क ज्या आडव्या दांड्यावर फिरतो तो दांडा आणि त्याची बुशे. बुश अंडाकृती झाले, की पेडलची अर्धी चाल ढिलाईतच जिरते. क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकरतात. तिसरे, रिलीज बेअरिंग. पेडल दाबताच घरघर ऐकू आली, तर ते गेले म्हणून समजावे. कित्येक मिस्त्री ते रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवितात. बंद जातीच्या बेअरिंगमधील ग्रीस त्यामुळे विरघळून जाते आणि नव्यासारखे दिसणारे बेअरिंग महिन्यात मोडते. चौथे, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवरील खाचा आणि फ्लायव्हीलच्या मध्यातील लहान पायलट बेअरिंग. पाचवे, आणि सर्वांत दुर्लक्षित, ते तेलाचे सील. इंजिनाच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे सील गळत असेल, तर नव्या अस्तरावर तेल उडणारच. आणि तेलाने भिजलेले अस्तर धुऊन-तापवून कधीही पूर्ववत होत नाही. सीलची किंमत प्लेटच्या किमतीपुढे नगण्य. ते न बदलणे ही काटकसर नव्हे. तो आतबट्ट्याचा व्यवहार होय.

पुरी दुरुस्ती कशी असते? फ्लायव्हीलचा पृष्ठभाग डोळ्यांनी आणि पट्टीने तपासला जातो; रिव्हेटांनी ओरखडे पाडले असतील, निळसर डाग वा केसासारख्या भेगा असतील, तर ते लेथवर अथवा ग्राइंडरवर घेतले जाते, आणि भेगा खोल असतील तर बदलले जाते. फोर्क आणि दांडा यांवर वेल्डिंगने भरण करून, लेथवर कातून, कानशीने बेतून मूळ मापाला आणता येते. मात्र त्या टोकांना पुरेसा कठीणपणा हवा, नाही तर मऊ भरण एका हंगामात पुन्हा उडते. ज्या दांड्यात तडा आहे त्याला वेल्डिंगने जगविण्याचा हव्यास धरू नये. पितळी वा गनमेटलचे बुश तर कोणताही चांगला लेथवाला तासाभरात कातून देईल. चांगल्या अवस्थेतील जुन्या प्लेटवर नवे अस्तर रिव्हेटांनी चढविणे हीदेखील जुनी, मान्य आणि स्वस्त विद्या आहे. नंतर प्लेट बनावट शाफ्टच्या साहाय्याने मध्यावर बसवावयाची, बोटांची उंची सर्वत्र सारखी करावयाची, खाचांना ग्रीस अगदी थोडे लावावयाचे आणि मगच ट्रॅक्टर जोडावयाचा. जोडताना दोन भागांत फट राहिली, तर बोल्ट आवळून ती ओढू नये; फ्लायव्हील हळूहळू फिरवून शाफ्टच्या खाचा प्लेटमध्ये आपसूक बसू द्याव्यात. बोल्टच्या जोराने ओढलेल्या जोडणीत नव्या प्लेटचा मध्य वाकतो, आणि पुढच्या दुरुस्तीची पायाभरणी त्याच क्षणी होते.

या कामात जीवही जातो, हे विसरता कामा नये. ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर झुलता असतो. त्यामुळे मागचा भाग अलग होताच इंजिनाचा अवजड धड एका अंगाला कलंडू शकतो. आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकणे, मागच्या चाकांना ठोकळे लावणे, दोन्ही धडांना स्वतंत्र आणि भक्कम आधार देणे, हे नियम पाळावेच लागतात. विटांच्या चवडीवर, चिखलाच्या जागेत, पावसात आणि एका जॅकच्या भरवशावर केलेली दुरुस्ती म्हणजे मृत्यूला दिलेले आमंत्रण होय. धुळीची गोष्ट त्याहून फसवी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. क्लचच्या घरातील काळी भुकटी हवेच्या झोताने उडविली, की ती सूक्ष्म तंतूंच्या रूपाने फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग दिसावयास दशके लागतात. ती भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी झाडू नये, फुंकू नये. एवढा साधा उपदेश गावोगावच्या मिस्त्रींना कोणी केला आहे काय?

आता व्यवस्थेकडे वळू. केंद्र सरकारची कृषी यांत्रिकीकरणाची उपयोजना २०१४-१५ पासून चालू आहे. नव्या अवजारांच्या खरेदीला साहाय्य आणि भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना प्रोत्साहन ही तिची ठळक अंगे. हेतू स्तुत्य आहे, यात वाद नाही. परंतु नवे यंत्र विकत घेणाऱ्याला हात देणारी व्यवस्था, असलेले यंत्र जगविणाऱ्याकडे तितक्या आस्थेने पाहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरच्या क्लच असेंब्ली आणि तिच्या भागांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. नकली सामानाचे एक आकर्षण त्याची स्वस्ताई हेच असते. अस्सल भाग स्वस्त झाल्यास ते आकर्षण कमी व्हावे. मात्र त्यासाठी शेतकऱ्याने पावती मागितली पाहिजे आणि दुकानदाराने ती दिली पाहिजे.

दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोग आता जगभर रूढ झाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. निर्मात्याने शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला सुटे भाग, पुस्तिका व साधने उपलब्ध करून द्यावीत, हे त्याचे सूत्र. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने एका बलाढ्य ट्रॅक्टर कंपनीविरुद्ध याच कारणावरून दावा दाखल केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली आणि शेती अवजारे हे तिच्या पहिल्या चार क्षेत्रांपैकी एक होते. त्याच वर्षी डिसेंबरात यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. अमेरिकेतील शेतकरी संगणकाच्या कुलपाशी झगडतो आहे. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ते कुलूप नाही. मग आमच्या शेतकऱ्याला अडविते काय? त्याला अडविते ते पुस्तिकेचे परक्या भाषेत असणे, मापांचे अज्ञान आणि कुशल हातांचा तुटवडा.

कुशल हात सिल्वासात नाहीत काय? आहेत. आमली, मसाट, पिपरिया, राखोली येथे कारखाने उभे आहेत. तेथे लेथ आहेत, वेल्डर आहेत, मापे घेणारी तरुण मुले आहेत. ज्या जिल्ह्यात लोखंड कातण्याची विद्या एवढी वसली, त्याच जिल्ह्यातील आवणी एका झिजलेल्या बुशापायी खोळंबावी, हा विरोधाभास आहे. तो दूर करावयास मोठा निधी लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत ‘ट्रॅक्टर मेकॅनिक’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहेच. ज्या शेतीबहुल भागातील संस्थेत तो नसेल तेथे तो सुरू करावा. मध्य प्रदेशात बुधनी येथे शेती यंत्रांच्या प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. प्रशासनाने दरसाल काही आदिवासी तरुण तेथे पाठवावेत. एप्रिल-मे महिन्यांत, ट्रॅक्टर मोकळे असताना, खानवेल आणि सिल्वासा येथे तपासणी शिबिरे भरवावीत. पेडलची चाल मोजावी, सीलची गळती पाहावी, बेअरिंगचा आवाज ऐकावा. आणि दुहेरी क्लचची मापे देणारी चार पानांची पुस्तिका मराठीत, गुजरातीत आणि चित्रांच्या भाषेत छापून गॅरेजच्या भिंतीवर टांगावी. वारल्यांच्या चित्रकलेने साऱ्या जगाला भुरळ घातली. तिच्याच मुलखात चित्राने यंत्र शिकविणे अवघड का असावे?

हे सारे सांगताना आम्ही आमच्याच दारातील गोष्ट विसरलेलो नाही. गोव्याच्या खाजनांत आणि मेरांत पॉवर टिलर फिरतो; क्लच त्यालाही आहे, चिखल त्यालाही आहे, आणि जूनच्या पहिल्या पावसात मिस्त्रीच्या दारी रांग आमच्याकडेही लागते. सिल्वासाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आमच्याकडे वळलेली आहेत, याची जाणीव आम्हांस आहे.

शेवटी दोन शब्द मालकांसाठी आणि दोन चालकांसाठी. चालकाने गाडी हाकताना पाय पेडलवरून काढून पायफळीवर ठेवावा. या एका सवयीने वाचणारे अस्तर कोणत्याही अनुदानापेक्षा मोलाचे ठरेल. मालकाने मिस्त्रीला “आजच्या आज” असे म्हणण्यापूर्वी, त्याच्यापुढे उघडे पडलेले सारे भाग स्वतः वाकून पाहावेत आणि फोर्क, बुश, बेअरिंग, सील यांच्याविषयी एकेक करून विचारावे. ट्रॅक्टर खोलण्याची मजुरी एकदाच द्यावयाची, की दर पावसाळ्यात, हे त्या एका दिवशी ठरते. मिस्त्रीनेही अर्धे काम करून मोकळे होण्यापेक्षा “एक दिवस अधिक लागेल” असे ठणकावून सांगण्याचे धैर्य दाखवावे. कारण त्याच्या पान्याखाली केवळ लोखंड नसते. बांधाच्या पलीकडे राबात ताठत चाललेले, दुसऱ्या कोणाचे तरी रोप असते.